चरावरचा बुधवार

पहाटे ५

फोन चार्जरवरून काढते आणि आधी बॅटरी बघते. रात्री दोनदा लाइट गेली, तरी पूर्ण भरली आहे. पिशवीत तीन मस्टर, टेप, शाईपॅड, कामाच्या मागणीचे कोरे फॉर्म आणि पोचपावत्यांचं पुस्तक. मी जालना जिल्ह्यातल्या एका गावाची ग्रामरोजगार सेवक. आज बुधवार, १५ मे २०२४. मस्टरचा आठवडा आज संपतो, म्हणजे मोजमापही आजच.

वर्ष दुष्काळाचं आहे. गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत आमच्या जिल्ह्याचे पाच. खरिपाचं सोयाबीन शेंगा भरायच्या आधीच वाळलं, रब्बी तर बऱ्याच जणांनी पेरलीच नाही. ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडं कारखाने बंद झाल्यावर परत आली, तेव्हा गावात ना शेतात काम होतं ना विहिरीला पाणी. अशा वेळी रोजगार हमीचं काम निघालं की सावकाराचा किंवा मुकादमाच्या उचलीचा उंबरठा निदान दोन महिने तरी लांब राहतो. म्हणून या दिवसांत मला घरी शोधू नका, मी गायरानाच्या उतारावर असते.

सकाळी ६

काम सलग समतल चरांचं आहे. उतारावर समान उंचीच्या रेषेत साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चर खणायचे, निघालेली माती खालच्या अंगाला बांधासारखी लावायची. पाऊस पडला की पाणी पळत सुटत नाही, चरात थांबतं, मुरतं. अहमदनगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं नव्वदच्या दशकात डोंगरावर अशाच चरांपासून सुरुवात केली आणि त्या कामांना रोजगार हमीचाच पैसा लावला होता. आमच्या गावच्या बाया एकदा तिथं जाऊन आल्या आहेत. तेव्हापासून चर थोडा जरी वाकडा गेला की त्याच आधी ओरडतात.

तीस मजूर आहेत, त्यांतल्या एकोणीस बाया. सोमवारी मतदान झालं, त्यामुळे प्रत्येकीच्या बोटाला शाई आहे. या आठवड्याची सुट्टी त्या दिवशीच धरली.

आखणी मेटबाई करतात. मेट म्हणजे मजुरांतूनच नेमलेली, हजेरी घेणारी आणि काम वाटून देणारी बाई. त्यांच्याकडे लाकडी ए-फ्रेम आहे. दोन पाय, आडवी पट्टी, मधे दोरीला बांधलेला दगड. एक पाय जागेवर ठेवायचा, दुसरा फिरवत न्यायचा, दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय समान उंचीवर. तिथं फक्की टाकायची. मी त्यांच्यामागं चालते आणि बघते. सातवीत शाळा सुटलेली ही बाई अख्ख्या टेकडीची समपातळी डोळ्यांत धरून चालते. तीन उन्हाळे कामावर शिकून तिनं हे मिळवलं आहे. तरीही तिला कागद देणारी, ‘हिला आखणी येते’ असं लिहून देणारी व्यवस्था आपण अजून उभी केलेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. प्रशिक्षणाची केंद्रं आपण जिल्ह्याच्या ठिकाणी बांधतो, आणि इथं उतारावर रोज जे शिकलं जातं ते वहीत कुठंच येत नाही.

सकाळी साडेसहा

पहिला फोटो. जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांची हजेरी एनएमएमएस नावाच्या अ‍ॅपवर द्यावी लागते. दिवसातून दोन फोटो, त्यावर वेळ आणि ठिकाण आपोआप उमटतं. पहिल्यानंतर दुसरा किमान चार तासांनी. फोटो चढला नाही तर त्या मजुराचा तो दिवस मस्टरवर धरला जात नाही, मग त्यानं कितीही खणलेलं असो.

बोगस मस्टर आम्ही पाहिलेले आहेत. मेलेल्या माणसाच्या नावावर, मुंबईत नोकरी करणाऱ्याच्या नावावर पगार निघाल्याच्या गोष्टी या योजनेच्या इतिहासात पुष्कळ आहेत. त्यामुळे हजेरी तपासायला माझा विरोध नाही. पण टेकडीच्या या बाजूला रेंज येत नाही. फोटो काढून ठेवायचा आणि वर देवीच्या देवळापाशी चढून अपलोड करायचा, असा रोजचा क्रम. खोटेपणा पकडण्याचा भार खरं काम करणाऱ्यांच्या अंगावर किती टाकायचा, याचा विचार हा नियम करणाऱ्यांनी उन्हात उभं राहून एकदा तरी करावा.

सकाळी ७ ते ९

ही कामाची खरी वेळ. उन्हाची धग चढायच्या आत जेवढं होईल तेवढं. जोडीनं काम चालतं. एक टिकाव घालतो, दुसरी घमेल्यानं माती ओढते. नवरा-बायको, सासू-सून, दोन जावा. बोलणं कमी आणि श्वास जास्त.

खाली झाडाखाली सहा लेकरं आहेत. कामावर लहान मुलं पाच किंवा जास्त असली की त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची, हा नियम आहे. आमच्याकडे ते काम एका म्हातारीकडं आहे, तिच्यानं आता टिकाव उचलत नाही. सगळे त्यांना आक्का म्हणतात. पाण्याचे दोन रांजणही त्यांच्याच ताब्यात. सावली, पाणी आणि प्रथमोपचार पेटी या तीन गोष्टी साईटवर नसतील तर मी काम सुरूच करू देत नाही.

आक्का १९७२ च्या दुष्काळात पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. समोर खाली दिसणारा पाझर तलाव त्या वेळचा. त्यांनी आणि त्यांच्या आईनं त्याच्यावर माती वाहिली, आणि त्याआधी रस्त्यावर खडी फोडली. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर मिलो, म्हणजे लाल ज्वारी. ‘‘त्या मिलोच्या भाकरीचा वास अजून नाकात हाय,’’ त्या म्हणतात, ‘‘पण मेलं कुनी न्हाई भुकेनं आमच्या घरात.’’

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकते. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यामागं विठ्ठल सखाराम पागे यांचा विचार होता. विधान परिषदेचे सभापती असलेल्या या माणसानं १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला आधी प्रयोग करून पाहिला आणि मगच राज्यासाठी योजना मांडली. दुष्काळ सरला तरी योजना गुंडाळली गेली नाही. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणं हा हक्क आहे असं कायद्यानं म्हणणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. आणि पैसा? शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात तो व्यवसाय कर, १९७५ पासूनचा, याच योजनेसाठी सुरू झाला. मुंबई-पुण्याच्या पगारपत्रकातली ती छोटी ओळ आमच्या टेकडीपर्यंत येते. दिल्लीचा कायदा यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, २००५ मध्ये आला.

सकाळी साडेनऊ

तांत्रिक सहाय्यक आले. पंचविशीतला मुलगा, कंत्राटी, त्याच्याकडं बरीच गावं. मोटारसायकलवर टेप आणि मोजमाप पुस्तक. त्या पुस्तकाला सगळे एमबी म्हणतात.

दिवसाचा सर्वांत अवघड तास हा. लोकांना वाटतं, रोजगार हमीत दिवस भरला की दिवसाचे पैसे मिळतात. तसं नाही. या वर्षीचा महाराष्ट्राचा दर २९७ रुपये आहे, पण तो ठरावीक काम झालं तर. चराची लांबी, रुंदी, खोली मोजायची, घनमीटर काढायचे, त्याला जमिनीच्या प्रकाराचा दर लावायचा आणि जी रक्कम येईल ती गटात वाटायची. आमच्या चराला एक मीटर लांबीला ०.१८ घनमीटर बसतं. सहा दिवस पूर्ण भरले तर माणशी १,७८२ रुपये. कमी भरले तर कमी.

आणि सगळी मेख जमिनीच्या प्रकारात. वरची माती मऊ, तिचा दर कमी. त्याखाली मऊ मुरूम, मग कठीण मुरूम, दर चढत जातो. टेकडीच्या वरच्या अर्ध्या भागात मातीचा थर विताएवढाही नाही. पण अंदाजपत्रक तयार करताना सगळा उतार मऊ मुरूम धरलेला आहे.

साहेब टेप लावतात, लिहितात. मेटबाई मधेच थांबवतात.

‘‘साहेब, हिथं मऊ मुरूम लिव्हू नका. टिकाव मारून बघा.’’

‘‘अंदाजपत्रकात तसंच आहे, मावशी.’’

‘‘अंदाजपत्रक हाफिसात केलंय. खणलंय आमी हिथं.’’

साहेब हसत नाहीत, चिडतही नाहीत. हा मुलगा मला त्यासाठी आवडतो. तो टिकाव घेतो आणि मारतो. टिकाव उसळतो. दुसऱ्यांदा मारतो. मग खाली बसून चराच्या भिंतीला हात लावतो आणि कुठून कठीण लागलं ते सेंटिमीटरमध्ये मोजतो. वरची आठ मऊ, खालची बावीस कठीण. फोटो काढतो, तशी नोंद करतो आणि सुधारित अंदाजपत्रकासाठी टिपण देतो म्हणतो. यात माणशी आठवड्याला तीन-चारशे रुपयांचा फरक आहे. आमच्याकडं तेवढ्यात महिन्याचं तेल-मीठ होतं.

मी या नोकरीत एक नियम पाळते: मोजमाप मजुरांच्या समोर, आणि आकडा मोठ्यानं वाचून. आकडा ऐकला की बाया बोटांवर हिशेब करतात आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो. पूर्वी मोजणी व्हायची संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर. मजुरी का कमी आली हे कुणाला कळायचंच नाही आणि लोक म्हणायचे, सरकारी काम, मिळालं तेवढं आपलं. हक्काची भीक अशी होते.

सकाळी ११

दुसरा फोटो, देवळापर्यंत चढण, अपलोड. भाकरी, ठेचा, कांदा. आज काम आटोपलं. सगळे तीनही मस्टरवर सह्या, अंगठे करतात.

दुपारी १२

ग्रामपंचायत. कामाची मागणी घेणं हे माझ्या लेखी या पदाचं सर्वांत मोठं काम आहे. कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांची केंद्राची हमी आहे आणि महाराष्ट्रात त्यापुढच्या दिवसांचा खर्च राज्य करतं. मात्र हमी आपोआप चालू होत नाही, मागणीनं चालू होते. नमुना चारचा फॉर्म भरायचा, तारीख घालायची आणि तारखेची पोच घ्यायची. त्या दिवसापासून १५ दिवसांत काम द्यायचं. दिलं नाही तर बेकारभत्ता: पहिले तीस दिवस मजुरीचा चौथा हिस्सा, पुढं निम्मा.

पोच दिली की घड्याळ सुरू होतं, म्हणून पोच द्यायला कुणी उत्सुक नसतं. ‘‘काम निघालं की कळवू’’ हे उत्तर मी अनेक गावांत अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. तोंडी मागणीला तारीख नसते. तारीख नाही तर पंधरा दिवस कुठून मोजणार? योजनेवर एवढी भाषणं होतात, पण माझ्या मते कायद्याचा जीव त्या चिटोऱ्यात आहे. आज चौघींचे फॉर्म भरले, चौघींना पोच दिली, आणि ती पिशवीत नको, आधार कार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवा असं बजावलं.

(हा परिच्छेद नंतर जोडलेला.) डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ आहेत, राज्याचा खर्चाचा वाटा मोठा आहे आणि शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामं थांबवायची तरतूद आहे. दिवस वाढले याचा आनंद आहे. पण मी त्यातही पहिल्यांदा हेच शोधलं, की मागणीच्या तारखेचं काय होतं.

दुपारी २

तालुक्याला, एसटीनं. मस्टर आणि मोजमापाच्या नोंदी ऑपरेटरकडं. पुढचा प्रवास मजुराच्या नजरेआड असतो: संगणकात नोंद, वेतन यादी, सह्या, मग निधी हस्तांतरणाचा आदेश आणि थेट बँक खातं. मस्टर संपल्यापासून १५ दिवसांत मजुरी मिळाली पाहिजे, उशीर झाला तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई. हजार रुपयांवर दिवसाला पन्नास पैसे.

दुपारी साडेतीन

बँक मित्राचं दुकान. यंदाच्या जानेवारीपासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जाते. जॉबकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव एका अक्षरानं वेगळं असलं तरी पैसे अडतात. आज एका भाऊंची मागच्या महिन्याची मजुरी आली आहे, पण त्यांचा अंगठा मशीन घेत नाही. बोटांच्या रेषा दगडानं झिजल्या आहेत. दहाही बोटं झाली. शेवटी कोमट पाण्यात हात बुडवून, पुसून, डाव्या हाताची करंगळी लागली. दुकानदारानं एवढा धीर धरला याबद्दल मी त्याचे आभार मानले.

संध्याकाळी साडेपाच

एक मुलगी मला भेटायला थांबली आहे. एकोणीस वर्षांची, बारावी पास, आई-बाप ऊसतोडीला जातात. तिला प्रशिक्षण हवं आहे.

रोजगार हमीच्या कुटुंबांसाठी ‘उन्नती’ नावाचा प्रकल्प आहे. ज्या कुटुंबानं एका आर्थिक वर्षात शंभर दिवस काम पूर्ण केलं, त्यातल्या १८ ते ४५ वयाच्या एका व्यक्तीला कौशल्य शिकवायचं, आणि शिकत असताना रोजगार हमीच्या मजुरीएवढा भत्ता द्यायचा. कल्पना उत्तम आहे. गरिबाला शिकणं महाग पडतं ते फीमुळं कमी आणि बुडालेल्या मजुरीमुळं जास्त, हे ती ओळखते. पण अट बघा. जे घर ऑक्टोबर ते मार्च उसाच्या फडात असतं त्याचे गावातले शंभर दिवस भरणार कधी? या मुलीच्या घराचे गेल्या वर्षी चाळीसच भरले. ज्यांनी कोयता खाली ठेवावा म्हणून शिकवायचं, त्यांनाच ही अट दाराबाहेर ठेवते. शंभराऐवजी स्थलांतर करणाऱ्या घरांना तीस-चाळीस दिवसांवर प्रवेश द्यावा असं मी ग्रामसभेत मांडलं आहे आणि ठरावातही लिहून घेतलं आहे.

तोवर दुसरा रस्ता. जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत शिकणं, राहणं, जेवणं फुकट असतं आणि तिथं शंभर दिवसांची अट नाही. कर्नाटकातल्या उजिरे इथं १९८२ मध्ये अशी पहिली संस्था निघाली, आता बहुतेक प्रत्येक जिल्ह्यात बँका ती चालवतात. शिवणकाम, शेळीपालन, मोबाईल दुरुस्ती, नळजोडणी.

‘‘शिवण नको, ताई,’’ ती म्हणाली. ‘‘गावात सात मशिनी हायत. नळाचं शिकते.’’

मला हे उत्तर इतकं बरोबर वाटलं की मी लगेच फॉर्म काढला. घरोघर नळ आले आहेत आणि तोटी बदलायलासुद्धा तालुक्याहून माणूस बोलवावा लागतो. बापाची संमती लागेल. आईची आहेच, ती उद्या स्वतः बोलणार आहे त्याच्याशी.

रात्री ९

जेवून नोंदवह्या. मजूर नोंदणी, मागणी, कामं, मालमत्ता, तक्रारी असं करत एकूण सात. तक्रारीच्या वहीत आज जमिनीच्या प्रकाराची नोंद केली, मेटबाईंच्या शब्दांत.

मग एक अर्ज. पलीकडच्या वस्तीवरच्या अकरा जणांनी २६ एप्रिलला काम मागितलं. मजुरांची यादी मी त्याच दिवशी वर पाठवली, दोनदा फोन केला, काम मंजूर झालं नाही. ११ मेला पंधरा दिवस संपले. अशा वेळी रोजगार सेवकानं गप्प राहावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते, कारण तालुक्यात रोज त्याच माणसांशी काम पडतं. पण पोच माझ्या सहीची आहे.

अर्ज तहसीलदारांच्या नावे लिहिते, कारण आपल्याकडं तालुक्याचे कार्यक्रम अधिकारी तेच. २९७ चा चौथा हिस्सा ७४ रुपये २५ पैसे. बारा ते पंधरा मे, चार दिवस. अकरा मजुरांचे ३,२६७ रुपये. काम सुरू होईपर्यंत पुढच्या प्रत्येक दिवसाचे ८१६ रुपये ७५ पैसे अधिक. काम तातडीनं सुरू करावं ही मागणी वर, भत्त्याची खाली, कारण अकराही जणांनी मला तसंच सांगितलं आहे. सह्या सकाळी वस्तीवर. तळाशी लिहिते: सोबत, पोचपावत्यांच्या झेरॉक्स प्रती, ११.